नवव्या दिवसाची नोंद

हारिनने कागद समोर धरला तेव्हा इन्सन काचेची भांडी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत होती. नाम सर फेब्रुवारीत निवृत्त होणार, त्यांची लॅब बंद होणार, म्हणून नोव्हेंबरपासूनच आवराआवर सुरू झाली होती. खालच्या मजल्यावरची कपाटं रिकामी झाली होती, विद्यार्थी दुसऱ्या प्राध्यापकांकडे पांगले होते. उरली होती ही हारिन, जिची पदवी अजून दीड वर्ष लांब होती, आणि स्वतः इन्सन, जिने या इमारतीत अठरा वर्षं काढली होती. तिने हातातला चंबू खोक्यात ठेवला आणि बोटांना लागलेली शाई पुसत कागद घेतला.

"हा कशाचा आलेख?"

"तेच विचारायला आले, ताई. तुमच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात एक लोकरीचा मोजा होता. मला वाटलं, कुणाचा तरी राहिला. झटकला तर आतून नळी निघाली. तोंड वितळवून बंद केलेली, आतलं द्रावक जसंच्या तसं. फुटक्या काचांच्या बादलीत टाकणार होते, मग म्हटलं, एकदा एनएमआरच्या चुंबकात घालून तर बघू." हारिन खोक्याच्या कडेवर टेकली. "नळीवर 'थेहो, एकशे सतरा' लिहिलंय. थेहो कोण?"

इन्सन आलेखाकडे पाहत राहिली. आडवी रेघ, तिच्यावर उभी शिखरं, आणि उजव्या टोकाशी शून्य. शून्याच्या उजवीकडे एरवी कोरं असतं. तिथे काही दिसलंच तर ते रेणूंच्याच बनलेल्या पोकळ पिंजऱ्याच्या आत बसलेल्या दुसऱ्या रेणूचं असतं, कारण पिंजऱ्याच्या भिंतींच्या छायेत तो चुंबकाला वेगळाच भासतो. हे तिनेच हारिनला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. आता शून्याच्या पलीकडे, उणे एक पूर्णांक आठपाशी, दोन शिखरं उभी होती. सुईसारखी, सरळ, उंच. मूळ पदार्थाची म्हणून जी शिखरं असायला हवी होती त्यांचा मागमूस नव्हता.

"सगळी रिअॅक्शन झालीय," हारिन म्हणाली. "एक थेंब शिल्लक नाही. आणि ताई, ही तीच ना, जी होत नाही म्हणून आपण पोरांना सांगतो?"

"यंत्रात आधीचं काही राहिलं असेल. पुन्हा घे."

"तीनदा घेतला. मी काय खुळी आहे का?"

इन्सनने कागदाची घडी घातली. मग तिच्या लक्षात आलं की आपण ती नीट चार पदरी घातली आहे, पत्रासारखी, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आहे. "उद्या बोलू," ती म्हणाली. हारिन तोंड वाकडं करून निघून गेली. खिडकीबाहेर चार वाजताचं पिवळं ऊन होतं आणि खाडीपलीकडे पोलादाच्या कारखान्याची धुराडी रोजच्यासारखी पांढरी वाफ सोडत होती.

नळी आपण विसरून गेलो होतो, असं तिला स्वतःला सांगता आलं असतं. तेरा वर्षांत तिने तो मोजा एकदाही उघडला नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातच भूकंप झाला, इमारत भुताने धरल्यासारखी हलली, मांडणीवरच्या बाटल्या एकावर एक आपटू लागल्या आणि सगळे आरडाओरडा करत जिन्याकडे पळाले, तेव्हा इन्सन पळाली नव्हती. ती गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी खालचा खण आत दाबून धरून बसली होती. शेवटी कुणीतरी तिला दंडाला धरून ओढत बाहेर नेलं. मैदानात थंडीत उभं असताना तिच्या तळहातांवर खणाच्या कडेचे लाल वळ होते, आणि ते कशाचे हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. माणूस स्वतःपासूनही किती गोष्टी खणात घालून ठेवतो.

गिल थेहो आणि ती एकाच वर्षी जन्मलेले. लष्करातल्या सक्तीच्या नोकरीमुळे तो शिक्षणात तिच्या मागे पडला होता, पण वय एकच, म्हणून पहिल्या आठवड्यापासून अरे-तुरे. तो गुर्योंगपो या समुद्रकाठच्या गावचा, कोळ्याचा मुलगा. हात मोठे आणि बोटांना चिरा. असल्या हातांनी तो दहा मिलिग्रॅमची पूड तोलायचा तेव्हा बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून होती. चार वर्षं तिने त्याचा चेहरा पाहिला त्यापेक्षा त्याची हालचाल जास्त ऐकली: झाकणाचा आवाज, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, विचार करताना पेन्सिल दातांवर वाजवण्याचा आवाज. तो कुठल्या प्रयोगात आहे, चिडला आहे की खूश, भूक लागली आहे का, हे तिला पाठीनेच कळायचं. अजूनही कधी दुपारी, पाठीमागे हारिन बसलेली असताना, इन्सनची पाठ एखाद्या बहिऱ्या माणसासारखी कान टवकारायची आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटायची.

त्या दोघांनी मिळून जे काम घेतलं होतं ते समजावून सांगायची थेहोची स्वतःची तऱ्हा होती. एक लांब, लवचीक रेणू, त्याची दोन टोकं एकमेकांशी जुळू शकतात. जुळली की मोठं कडं तयार होतं, आणि असली कडी औषधांच्या कामाला येतात. "पण याला असा द्रावकात सोडला," थेहो म्हणायचा, "म्हणजे भर बाजारात सोडला. हा स्वतःची शेपटी कशाला धरेल? शेजाऱ्याचीच धरणार. शेजारी त्याच्या शेजाऱ्याची. संध्याकाळपर्यंत नुसता गुंता, भांड्याच्या तळाशी डिंक." म्हणून पिंजरा हवा होता. सहा तुकडे आपोआप एकमेकांना जुळून बनणारा, आतून पोकळ, त्या एका रेणूला वेटोळं घालूनच बसावं लागेल एवढ्याच मापाचा. पोकळी गच्च भरली तर पाहुणा हलत नाही, फार मोकळी राहिली तर तो थांबत नाही. निम्म्याहून थोडं अधिक भरायला हवं. त्या "थोडं अधिक"साठी त्यांनी चार वर्षं घातली. एकशे सोळा पिंजरे बनवले. काही उघडे पडले, काहींत द्रावकच जाऊन बसलं, एकात रेणू गेला आणि उलटा वळून बसला, त्यावर दोघं तासभर हसली होती. तेव्हा असं हसायला काहीही पुरायचं.

एकशे सतरावा पिंजरा थेहोचा एकट्याचा होता. त्याने तो रविवारी घरी बसून, मासे सुकवायच्या मांडवाखाली, वहीच्या मागच्या पानावर आखला होता. कागदाला खारट वास यायचा. पिंजरा बनला, रेणू आत गेला, वेटोळं घालून बसला. आता टोकं जुळतात का एवढंच पाहायचं होतं. जर्मनीतल्या एका मोठ्या गटाने थेहोला कळवलं होतं की हे झालं तर निकाल घेऊन या, तीन वर्षांची जागा तुमची. महिनाअखेरीपर्यंत सांगा. हे तिला त्याने खानावळीत, मुळ्याच्या कोशिंबिरीवर तिळाचं तेल घालता घालता सांगितलं. ती म्हणाली, "छान." तो म्हणाला, "छानच आहे." मग तो तिच्याकडे बघत राहिला आणि ती ताटाकडे. पुष्कळ वर्षांनी, भाजी निवडताना, केस धुताना, बँकेच्या रांगेत, तिने त्या क्षणात निरनिराळी वाक्यं घालून पाहिली होती. जाऊ नकोस. मीही येते. कधी येशील परत. त्यातलं एकही तेव्हा तिच्याजवळ नव्हतं, तिच्याजवळ "छान" एवढंच होतं.

नळीचं तोंड बंद केल्याच्या पाचव्या दिवशी थेहोच्या वडिलांचा हात होडीवरच्या जाळं ओढायच्या रहाटात सापडला आणि तो गावी गेला. जाताना म्हणाला, "रोज एकदा आलेख घे. काही दिसलं की फोन कर." सहावा दिवस, सातवा, आठवा: काही नाही. तिने रोज वहीत लिहिलं, बदल नाही. नवव्या दिवशी दुपारी कागद यंत्रातून बाहेर आला आणि शून्याच्या उजवीकडे, उणे एक पूर्णांक आठपाशी, काहीतरी होतं. शिखर म्हणावं असं ते नव्हतं. लिहिणाऱ्याचा हात थरथरावा आणि रेघ किंचित उचलली जावी, एवढंच. दोन ठिकाणी. तिने पुन्हा घेतला, चौपट वेळ देऊन. पुन्हा दोन ठिकाणी, तिथेच. चुंबकाच्या खोलीत गार हवा सोडणाऱ्या पंख्याचा आवाज होता आणि तिचे कान तापले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"काही दिसतंय?" थेहोने विचारलं. मागे इस्पितळातल्या गाड्यांचा खडखडाट होता. त्याचा आवाज दोन दिवस न झोपलेल्या माणसाचा होता.

तिने कागदाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "सपाट आहे."

"अगदीच?"

"अगदीच."

"बरं," तो म्हणाला. आणि फोन न ठेवता, "बरं," असं पुन्हा म्हणाला.

तिचा हिशेब साधा होता, आणि त्याची तिला पुढे जितकी शरम वाटली तितकी खोटं बोलल्याचीही वाटली नाही. महिनाअखेर टळेल. जर्मनीची जागा दुसऱ्या कुणाला जाईल. थेहो परत येईल, तिच्या पाठीशी खुर्चीत बसेल, दहाव्या-बाराव्या दिवशी शिखरं आणखी मोठी झालेली असतील, ती म्हणेल, बघ, आली. तो ओरडेल. मग जे काय व्हायचं ते इथेच, या शहरात होईल. तिने नळी मोज्यात घातली, खणात ठेवली आणि वाट पाहिली. थेहो परत आलाच नाही. वडिलांचा पंजा कापावा लागला होता, होडी विकली होती, मांडवाकडे बघायला कुणी नव्हतं. त्याने नाम सरांना दोन ओळींचं पत्र लिहिलं. काम निष्फळ ठरलं, माझा वेळ आणि तुमचा पैसा वाया गेला, माफ करावं. टेबल रिकामं करायला त्याने चुलतभावाला पाठवलं. तो भाऊ पेन्सिलींसकट सगळं एका माशांच्या खोक्यात भरून घेऊन गेला.

गुर्योंगपो चोवीस किलोमीटरवर आहे. तेरा वर्षांत ती तिथे गेली नाही. शहरात येणाऱ्या बसवर ते नाव दिसलं की ती दुसरीकडे बघायची, आणि बस गेली की मागून बघायची. लग्नाची बोलणी दोनदा झाली. दुसऱ्या वेळचा माणूस खरोखर चांगला होता, इंजिनिअर, हळू बोलणारा. त्याने एकदा विचारलं, "तुम्ही सतत कशाकडे तरी कान देऊन असता, ते काय आहे?" त्या प्रश्नानंतर तिने त्याला भेटायचं बंद केलं. आईने महिनाभर अबोला धरला, मग एक दिवस म्हणाली, "तुला माणूस नको असेल तर नको, पण निदान कुत्रा तरी पाळ, बोलायला." तिने कुत्राही पाळला नाही. संशोधक म्हणून दर दोन वर्षांनी तिचा करार वाढत गेला. तिने तीसेक लेख लिहिले, ते बरे होते. पिंजऱ्यांचं काम तिने पुन्हा कधी हातात घेतलं नाही. आता मार्चपासून डेजॉन शहरातल्या एका संशोधन संस्थेत कायमची जागा मिळायची होती, नाम सरांच्या शिफारशीवर. सगळं नीट बांधून, वर्तमानपत्रात गुंडाळून, निघायच्या बेतात होतं.

शनिवारी ती गुर्योंगपोची बस धरून गेली. वाटेत तिने काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, पण किनाऱ्यावर उतरताच वाऱ्याने आणि माशांच्या वासाने ते सगळं विस्कटलं. मांडव विचारावा लागला नाही. चौथ्या रांगेत, बांबूंच्या आडव्या काठ्यांवर चांदीसारखे मासे ओळीने टांगत, रबरी बूट घातलेला एक जाड मनुष्य उभा होता, आणि त्याची पाठ तिने चोवीस किलोमीटरवरूनही ओळखली असती.

"थेहो," ती म्हणाली.

तो वळला. आधी त्याला ओळखच पटली नाही. मग सगळा चेहरा हसला. "इन्सन? अगं, तू? आणि ही काय दशा. लॅबमधली माणसं पालीच्या पोटासारखी पांढरी पडतात, ते खरंच आहे." त्याने एक प्लास्टिकचं स्टूल पायाने पुढे ढकललं. "बस. मिरान, बघ कोण आलंय. माझ्या लॅबमधली, सांगितलं नव्हतं का?" मांडवाच्या टोकाला एक बाई मासे चिरत होती. तिने सुरी धरलेल्या हातानेच नमस्कारासारखं काही केलं आणि म्हणाली, "यांनी काही सांगितलेलं नाही हो. हे काय सांगतात कधी? पण बसा, चहा आणते."

ती चहा आणायला गेली. इन्सनने खिशातून कागद काढला. थेहोच्या हातांना माशांचं तेल होतं, म्हणून तिलाच तो कागद त्याच्यासमोर उघडून धरावा लागला. वाऱ्याने कागद फडफडत होता. त्याने मान पुढे केली, डोळे बारीक केले. तेरा वर्षांनीही त्याची नजर थेट शून्याच्या उजवीकडे गेली.

"हे कुणी केलं?" त्याने हळूच विचारलं.

"तुझीच नळी आहे. एकशे सतरा. या मंगळवारी घेतलाय."

"सगळी झाली," तो म्हणाला. "सगळीच." आणि लगेच, "बाहेर येतंय का?"

"नाही. कडं आतच बसून आहे. पिंजरा सोडत नाही."

"हां. मग पिंजरा एकदाच चालणार, दुसऱ्याला आत जागाच नाही." तो मान हलवत होता, ओठ हलत होते, तो हिशेब करत होता. त्याच्या चेहऱ्यावर तो अठ्ठावीस वर्षांचा माणूस हळूहळू वर येत होता, आणि तिला वाटलं, आता थांबावं, कागद गुंडाळावा, चहा घ्यावा, बसने परत जावं. याहून जास्त तिला काही नको होतं. एवढं बघायलाच ती आली होती असंही तिला वाटलं. पण तिचं तोंड बोलायला लागलं होतं.

"नवव्या दिवशी दिसत होतं," ती म्हणाली. "तू इस्पितळातून फोन केलास तेव्हा कागद माझ्या हातात होता. बारीक होतं, पण दोनदा घेतला, दोन्हीदा होतं. मी सपाट आहे म्हणून सांगितलं. तू जर्मनीला जाऊ नयेस म्हणून."

तो कागदाकडेच बघत होता. मग त्याने नजर काढून घेतली, वाकून टोपलीतून मासा उचलला आणि काठीवर टांगला. दुसरा टांगला. तिसरा. प्रत्येक मासा टांगल्यावर तो त्याला बोटाने जरा सरळ करत होता. मिरान चहाचे कप घेऊन आली आणि दोघांचे चेहरे बघून कप खोक्यावर ठेवून परत गेली.

"बाबांचा हात कापला त्या रात्री," थेहो म्हणाला, "मी बाहेर बाकावर बसून विचार करत होतो की नेमकं कुठे चुकलं. पोकळी मोठी झाली की भिंत मऊ पडली. ते मी दोन वर्षं शोधत होतो. मासे टांगताना. हिशेब कुठेच चुकत नव्हता, आणि तरी तो चुकला होता." त्याने हात पँटला पुसले. "तुम्ही आता जा. बस वीस मिनिटांनी आहे."

तेवढं एक "तुम्ही". ते तिला एखाद्या अनोळखी घराच्या उंबऱ्यासारखं पायाला लागलं. ती उठली. चहा तसाच राहिला.

सोमवारी सकाळी ती नाम सरांच्या खोलीत गेली. पुस्तकांची कपाटं रिकामी झाली होती, आणि सर निरोपादाखल आलेल्या ऑर्किडच्या कुंड्यांना चमच्याने पाणी घालत होते. तिने जुनी वही उघडून टेबलावर ठेवली आणि नवव्या दिवसापासून सगळं सांगितलं. सरांनी मधे एकदाही तोंड वर केलं नाही. तिचं संपल्यावर त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली: नववा दिवस, बदल नाही.

"खाडाखोड करू नकोस," ते म्हणाले. "खाली नवी ओळ लिही. आजची तारीख घाल."

"हो, सर."

"डेजॉनला मी तुझ्याबद्दल पत्र लिहिलं आहे. आता दुसरं लिहावं लागेल."

"हो, सर."

ते पुन्हा कुंड्यांकडे वळले. "का केलंस?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"तो गेला असता, सर."

"गेला असता," सर म्हणाले. "आणि चांगला रसायनशास्त्रज्ञ झाला असता. तुझ्याहून चांगला. माझ्याहूनही." ते एवढं साध्या आवाजात म्हणाले की तिला रडूही आलं नाही. तिने तिथेच उभ्याने वहीत लिहिलं: नवव्या दिवशी उणे एक पूर्णांक आठपाशी दोन शिखरं दिसली होती. मी ती नोंदवली नाहीत आणि गिल थेहो यांना खोटं सांगितलं. प्यो इन्सन. लिहिताना अक्षर नीट आलं याचं तिला आश्चर्य वाटलं. पुढे जानेवारीत डेजॉनहून पत्र आलं की त्या जागेचा विचार तूर्त स्थगित केला आहे. पण ते नंतरचं.

त्या गुरुवारी दुपारी हारिन धावत वर आली. "ताई, खाली एक काका आलेत. बूट मासळीबाजाराचे आणि विचारतायत एनएमआरची खोली कुठे. मी विचारलं, तुम्ही कोण, तर म्हणाले, मी मासे सुकवतो. मी म्हटलं, इथे मासे नाहीत. तर म्हणाले, एक आहे, एकशे सतरा नंबरचा."

इन्सन जिन्यापर्यंत गेली आणि थांबली. थेहो खालच्या पायरीवर उभा होता, केस पाणी लावून विंचरलेले, लग्नाकार्याला घालतात तसलं जाकीट. त्याने तिला पाहिलं आणि मान किंचित लववली, दुकानदाराला लववतात तशी. "आलेख नव्याने घ्यायचा होता," तो म्हणाला. "माझ्यासमोर. चालेल ना?"

"हारिन घेईल," ती म्हणाली.

ती आत गेली नाही. चुंबकाच्या खोलीला लागून खोकी ठेवायची जागा होती, मधे पातळ लाकडी भिंत. ती तिथे खोक्यांवर चिठ्ठ्या लावत बसली: काच, काच, विद्युत, काच. भिंतीपलीकडून आधी झाकण उघडल्याचा आवाज आला. मग यंत्राची टिकटिक, मग कागदाची सळसळ. मग थेहोचा आवाज आला. हारिन काहीतरी विचारत होती आणि तो सांगत होता. पहिल्यांदा अडखळत, शब्द शोधत, एखादी रासायनिक संज्ञा आठवेना तर "ते आपलं ते" म्हणत, आणि हारिन ती पुरवत. हळूहळू त्याला गती आली.

"दार लहान आहे म्हणून अडकलंय असं नाही," तो म्हणत होता. "दार तेवढंच आहे, ज्यातून तो आत गेला. पण जाताना तो दोरी होता, आता बांगडी झालाय. दोरी फटीतून जाते, बांगडी जाईल का?"

"मग दार मोठं करायचं?"

"मोठं केलंस तर दोरीही थांबणार नाही आत. बाजार आणि घर यांत फरक काय राहिला? नाही. भिंती सहा आहेत ना, त्यातल्या एकीला बिजागरी दे. हा सांधा ताठ आहे, इथे दोन कार्बन जास्त घाल, म्हणजे ती भिंत जराशी डुलेल. दोरीच्या वजनाला डुलणार नाही, बांगडी आतून रेटेल तेव्हा डुलेल. एकीलाच. दोघींना दिलीस तर सगळं ढासळेल."

"हे तुम्ही आत्ता सुचवताय?"

"शनिवारपासून," थेहो म्हणाला. "मांडवाखाली दुसरं काय करायचं? हात आपलं काम करतात." पेन्सिल दातांवर वाजली. "आण, कागद दे. असं नाही, ही बाजू अशी दाखव."

इन्सन चिठ्ठी हातात घेऊन बसून राहिली. तिची पाठ भिंतीला टेकलेली होती. भिंतीपलीकडे खुर्ची मागे सरकली, पुढे सरकली. तो चिडला नव्हता. तो खूश होता. हे तिला कळत होतं आणि ती खुशी तिच्यासाठी नव्हती, हेही कळत होतं. तासभर ती तशीच बसली. एका खोक्यावर तिने चुकून दोन चिठ्ठ्या लावल्या. हारिन मोठ्याने हसली, मग तोही हसला. इन्सनने डोळे मिटले. तेरा वर्षं तिने या एका आवाजासाठी काढली होती, आणि आता तो चार हातांवर होता, एका लाकडी फळीच्या पलीकडे. तिला फळी ओलांडता येत नव्हती, आणि उठून निघूनही जाता येत नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा सव्वाचार झाले होते. बसथांब्यापर्यंत ती त्याच्याबरोबर गेली. त्याने ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. रस्त्यावर कारखान्याची सकाळची पाळी सुटली होती, सायकली घंटा वाजवत जात होत्या. दोघं थांब्याच्या छपराखाली उभी राहिली, मधे एका माणसाची जागा सोडून.

"पोरगी हुशार आहे," थेहो म्हणाला. "नाम सरांनंतर तिचं काय?"

"दुसऱ्या गटात घ्यायला तयार आहेत. हे काम घेऊन."

"मग ती करेल." तो रस्त्याकडे बघत होता. "लेख लिहील तेव्हा माझं नाव नीट लिहायला सांगा. गिल थेहो. मागे एका यादीत किम छापलं होतं."

"सांगते."

"मिरान म्हणाली, जाऊन या. नाहीतर मांडवाखाली हवेत चित्रं काढत बसाल आणि मासे भलत्याच काठीवर जातील." तो किंचित हसला, मग हसू गेलं. बस वळणावर दिसली. "माफ केलं असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "तसं काही आत सापडत नाही. पाहिलं शोधून. पण आजची दुपार बरी गेली."

बस थांबली. तो चढला, मागच्या बाजूला खिडकीशी बसला, जाकिटाची गुंडी काढली आणि डोळे मिटून डोकं काचेला टेकवलं. त्याने बाहेर बघितलं नाही. बस पुलाकडे गेली, पुलावर चढली आणि गाड्यांच्या रांगेत दिसेनाशी झाली. इन्सन छपराखालीच उभी राहिली. पुढची बस आली, गेली. तिच्यानंतरची आली तेव्हा चालकाने दार उघडून, "बाई, यायचंय का?" असं विचारलं. तिने मानेनेच नको म्हटलं. खाडीपलीकडे कारखान्याचे दिवे एकेक करून लागत होते, वारा बोचरा झाला होता, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला सडकून भूक लागली आहे.